कुणाच्या तोंडून?

ड्युव्हल हेक्टने १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये नौकानयनाचं सुवर्णपदक जिंकलं होतं, पण अमेरिकेत त्याचं नाव राहिलं ते ट्रॅफिकला कंटाळलेला माणूस म्हणून. कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचहून लॉस एंजेलिसला रोज गाडी हाकत जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. रेडिओवर तीच गाणी, त्याच बातम्या. शेवटी १९७५मध्ये त्याने बायकोच्या साथीने ‘बुक्स ऑन टेप’ ही कंपनी काढली. अख्खं पुस्तक कॅसेटवर, काटछाट न करता, आणि तेही टपालाने भाड्याने. पहिलं पुस्तक निवडलं जॉर्ज प्लिम्प्टनचं ‘पेपर लायन’. एक हौशी लेखक डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक फुटबॉल संघात खेळाडू म्हणून सरावाला उतरतो, त्याची ती खरी हकिगत. २००१मध्ये कंपनी विकून टाकल्यावर हेक्ट सत्तरी ओलांडलेल्या वयात लांब पल्ल्याचे ट्रक चालवू लागला. ट्रकमध्ये काय वाजत असेल हे सांगायला नकोच.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा एक सॉफ्टवेअरवाला भाचा हा या हेक्टचा अस्सल वारस. ऑफिसला जाता-येता त्याच्या गाडीत कोणी ना कोणी पुस्तक वाचत असतं. त्याची आत्या साताऱ्याला कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आलेली. लाँग वीकएंडला नायगारा बघायला जायचं ठरलं. जाताना सहा-सात तास, येताना तेवढेच. गाडीत काय लावायचं याची यादी करायला दोघं डायनिंग टेबलाशी बसली आणि यादी राहिली बाजूला.

“मी आधी नॅरेटर बघतो, मग पुस्तक,” भाचा म्हणाला.

“म्हणजे पंगतीला बसताना आधी वाढपी बघतोस.”

“हो, बघतो. अगं आत्या, एका माणसाचा आवाज तुला दहा तास कानाशी घ्यायचाय. तो किरकिरा निघाला तर नोबेलवाल्याची कादंबरीसुद्धा सहन होत नाही.”

“मग ते पुस्तक वाचणं नव्हे. ते त्या माणसाला ऐकणं.”

ऐकणं म्हणजे वाचणं की नाही, हा वाद दोघांनीही फार ताणला नाही. भाच्याने २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग सांगितला. लॉरा हिलनब्रँडच्या ‘अनब्रोकन’मधला काही भाग ९१ जणांना दिला. काहींनी तो ई-रीडरवर वाचला, काहींनी ऐकला, काहींनी दोन्ही एकदम केलं. लगेच आणि पुन्हा दोन आठवड्यांनी परीक्षा घेतली, तर तिन्ही गटांच्या समजुतीत नोंद घ्यावी असा फरक सापडला नाही. आत्याने ऐकून घेतलं आणि मास्तरकीच्या सवयीने लगेच तपासलं. भागच वाचलाय ना, अख्खं पुस्तक नाही? आणि ते लोक ट्रकमागे ट्रक असलेल्या हायवेवर गाडी चालवत नव्हते ना? भाच्याकडे याला उत्तर नव्हतं.

‘अनब्रोकन’चं नाव निघालंच आहे तर त्या पुस्तकाची गंमत सांगायला हवी. लुई झांपेरिनी हा अमेरिकन धावपटू दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानासह पॅसिफिकमध्ये पडला, ४७ दिवस रबरी तराफ्यावर तरंगला आणि शेवटी जपान्यांच्या हाती लागला. हिलनब्रँडने ही हकिगत लिहिली ती जवळजवळ घराबाहेर न पडता. दीर्घकाळच्या थकव्याच्या आजाराने तिला जखडलं होतं. पुस्तक लिहिताना झांपेरिनीशी तिच्या मुलाखती झाल्या त्या फोनवरच. पुढे भोवळीमुळे डोळ्यांनी वाचणं अशक्य झालं तेव्हा तीही ऑडिओबुककडे वळली. म्हणजे जे पुस्तक प्रयोगशाळेत कानाच्या परीक्षेला बसवलं, ते मुळातच बरंचसं कानाने गोळा केलेलं होतं. हे ऐकून आत्या थोडी नरमली. “हे मला माहीत नव्हतं,” एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

पण कादंबऱ्यांचा विषय निघाला तेव्हा ती नरमाई गेली. भाच्याला आवाजांचा ताफा आवडतो. कॅथ्रिन स्टॉकेटच्या ‘द हेल्प’मध्ये तीन निवेदिका आहेत, म्हणून ऑडिओत मुख्य तीन पात्रांना तीन बायकांचे आवाज. मिनी या मोलकरणीचा आवाज ऑक्टेव्हिया स्पेन्सरचा, जिने पुढे सिनेमात तीच भूमिका करून ऑस्कर घेतलं. त्याहून पुढची मजल जॉर्ज सॉन्डर्सच्या ‘लिंकन इन द बार्डो’ने मारली. अब्राहम लिंकनचा अकरा वर्षांचा मुलगा वारल्यावर दफनभूमीत बोलू लागणाऱ्या भुतांची ही कादंबरी २०१७मध्ये आली. ऑडिओत १६६ आवाज. निक ऑफरमन, डेव्हिड सेडॅरिस आणि खुद्द सॉन्डर्स त्यांत आहेत. पुढच्या वर्षी या क्षेत्रातलं ऑडी पारितोषिकही तिलाच मिळालं.

“एकशे सहासष्ट!” आत्या म्हणाली. “आणि पुस्तक किती तासांचं?”

“साडेसातच्या आत.”

“म्हणजे एकेकाला सरासरी तीन मिनिटंसुद्धा नाहीत. अरे, ही कादंबरी आहे की ग्रामसभा?”

भाच्याचं म्हणणं असं, की कागदावर ही कादंबरी त्याने दोनदा सुरू केली आणि दोनदा सोडली. पानभर तुटक ओळी, प्रत्येकीखाली बोलणाऱ्याचं नाव. डोळा सारखा खाली-वर करावा लागतो. ऐकताना मात्र भुतं आपोआप वेगळी झाली. हा मुद्दा खरा आहे, पण तो त्याच कादंबरीपुरता. तिची मांडणीच मुळात अनेकांनी बोलायची आहे. हाच न्याय लावून साध्या एकसंध कादंबरीत प्रत्येक पात्राला नट लावले की तिचं श्रुतिकेसारखं काहीतरी होतं आणि लेखकाचं निवेदन दोन संवादांच्या मधे अंग चोरून उभं राहतं. तरीही हल्ली जाहिरातींत ‘फुल कास्ट’ हा शब्द सरसकट गुण म्हणून छापला जातो.

आत्याला विचारलं तर तिची पसंती एकाच आवाजाला, आणि तोही शक्यतो लेखकाचा. तिने टोनी मॉरिसनचं नाव घेतलं. मॉरिसनने ‘बिलव्हेड’ स्वतः वाचली आहे, संपूर्ण. “बाईने लिहिलंय तसंच वाचलंय. कुठे ओरडणं नाही, कुठे रडणं नाही. विराम कुठे घ्यायचा ते तिच्याइतकं कोणाला कळणार?”

“गाडीत लावून बघ,” भाचा म्हणाला. “ती इतक्या हळू आवाजात वाचते की टायरच्या घरघरीत अर्धी वाक्यं वाहून जातात. आवाज वाढवावा, तर पुढचा शब्द अंगावर येतो. ती रात्री दिवा मालवून ऐकायची.”

याला आत्याकडे उत्तर नव्हतं, आणि असण्याचं कारणही नाही. कुठे ऐकणार आहोत हा प्रश्न पुस्तक निवडताना फार कमी लोक विचारतात. कुजबुजता आवाज, लांबलचक वाक्यं, मागे जाऊन पुन्हा ऐकावासा वाटणारा परिच्छेद, यांतलं काहीच चालत्या गाडीला मानवत नाही. त्यातून आपण भारतीय ऐकणारे. अमेरिकन इंग्रजी सिनेमांमुळे कानावरून गेलेलं असलं, तरी टेक्सासचा हेल वेगळा, जॉर्जियाचा वेगळा. ॲपवर मिळणारा काही मिनिटांचा नमुना घरी शांततेत न ऐकता गाडीतच ऐकावा, हा भाच्याचा सल्ला व्यवहारी आहे.

मग ‘हकलबेरी फिन’वर गाडी आली आणि इथे वादाने अनपेक्षित वळण घेतलं. मार्क ट्वेनची ही कादंबरी आत्याने वर्षानुवर्षं शिकवली. १८८०च्या दशकात आलेल्या या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ट्वेनने सूचना दिलीय, की यात मिसुरीकडच्या कितीतरी वेगवेगळ्या बोली जाणूनबुजून वापरल्या आहेत. गुलाम जिमचं बोलणं तर उच्चारानुसार स्पेलिंग मोडून लिहिलंय. “आमच्या खेड्यापाड्यातून आलेल्या पोरांना ते स्पेलिंग बघूनच घाम फुटायचा,” आत्या सांगू लागली. “डिक्शनरीत शब्द सापडेना, मग गाइड उघडायची. मी म्हणायचे, बघू नका, मोठ्याने वाचा. दोन ओळी मोठ्याने वाचल्या की एखादा मागच्या बाकावरून ओरडायचा, मॅडम, हा तर साधा शब्द आहे!”

“म्हणजे तू वर्गात ऑडिओबुकच चालवत होतीस.”

“फुकटात,” आत्या हसली.

फुकटात आजही मिळतं. कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्वयंसेवकांकडून वाचून घेणारा ‘लिब्रीव्हॉक्स’ हा उपक्रम २००५मध्ये माँट्रियलला सुरू झाला आणि ट्वेन त्यावर हवा तेवढा आहे. फक्त काही पुस्तकांत दर प्रकरणाला वाचणारा बदलतो, आणि ओहायोची बाई थांबून लंडनचा बाबा सुरू झाला की हक फिन जरा गोंधळात पडतो.

भाच्याने तेव्हा आपला हुकमाचा एक्का काढला: पर्सिव्हल एव्हरेटची ‘जेम्स’. २०२४मध्ये आलेल्या आणि पुढच्या वर्षी पुलित्झर मिळवलेल्या या कादंबरीत हक फिनची तीच गोष्ट जिमच्या तोंडून येते. एव्हरेटची कल्पना अशी, की जिम आणि इतर गुलाम आपापसांत अगदी शुद्ध, ठाकठीक इंग्रजी बोलतात. गोरा माणूस जवळ आला की मुद्दाम मोडकी भाषा सुरू करतात, कारण गोऱ्यांना तीच ऐकायची असते आणि तशी ऐकवली नाही तर जिवावर बेततं. मुलांना या मोडक्या भाषेची शिकवणीसुद्धा दिली जाते. ऑडिओत डॉमिनिक हॉफमन हे सगळं एकट्याने वाचतो. भाच्याने फोनवर तो नमुना लावला. आत्या डोळे मिटून ऐकत होती. जिम स्वतःशी बोलतोय तो एक आवाज, आणि बाहेर चाहूल लागली की त्याच गळ्यातून निघणारा दुसरा.

“कागदावर स्पेलिंग बदललेलं दिसतं,” ती म्हणाली. “इथे माणूस तोंडावर बुरखा ओढताना ऐकू येतो. हे घे यादीत.”

आठेक तासांची कादंबरी. नायगाराच्या वाटेवर बऱ्यापैकी बसते.

काल्पनिक पात्राच्या ‘मी’ला कोणी आवाज द्यावा याला तसं बंधन नाही. चार्ल्स पोर्टिसच्या ‘ट्रू ग्रिट’मध्ये बापाच्या खुन्याचा पाठलाग करणारी चौदा वर्षांची मॅटी रॉस म्हातारपणी आपली गोष्ट सांगते, आणि तिला आवाज दिलाय डोना टार्टने. ती स्वतः नाणावलेली कादंबरीकार आणि जन्माने मिसिसिपीची. दुसऱ्याच्या कादंबरीचा इतका जिव्हाळ्याने केलेला पाठ क्वचित मिळतो. आत्मकथनाचा ‘मी’ मात्र हाडामांसाचा असतो. तिथे भाड्याचा आवाज चालेल का?

भाच्याच्या मते मुळीच नाही. बार्ब्रा स्ट्रायसँडचं ‘माय नेम इज बार्ब्रा’ हे २०२३चं आत्मचरित्र छापील प्रतीत हजार पानांना टेकलेलं आहे आणि तिने ते स्वतः वाचलंय, तब्बल ४८ तास. वाचता वाचता ती कागद सोडून मधेच काहीतरी बोलून जाते, मधे तिची गाणी येतात. “इथे छापील प्रत ही दुय्यम झाली,” भाचा म्हणाला. त्याच वर्षी ब्रिटनी स्पिअर्सचं ‘द वूमन इन मी’ आलं. त्यात तिने फक्त सुरुवातीचा छोटा भाग वाचला आणि पुढचं सगळं मिशेल विल्यम्स या अभिनेत्रीकडे सोपवलं. ते सगळं पुन्हा आठवणं जड जातं, हे कारणही तिने सांगितलं. “विल्यम्सने वाचलंय छानच. पण जिला वर्षानुवर्षं स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलू दिलं नाही, तिच्या पुस्तकात आवाज दुसरीचा? मला ते खटकतं.”

“मला नाही खटकत,” आत्या म्हणाली. “लिहिताना एकदा सोसलं. स्टुडिओत बसून पुन्हा सोसायचं, तेही तुझ्या ऑफिसच्या वाटेवर तुझी करमणूक व्हावी म्हणून?”

भाचा गप्प बसला. आत्याने त्या संधीत टॅरा वेस्टओव्हरचं ‘एज्युकेटेड’ पुढे केलं. आयडाहोच्या डोंगरात, सरकार, दवाखाने आणि शाळा यांच्यावर अजिबात विश्वास नसलेल्या मॉर्मन कुटुंबात वाढलेली ही मुलगी सतराव्या वर्षी पहिल्यांदा वर्गात बसली आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. पुस्तकात ती तळटीपा देते: हा प्रसंग मला असा आठवतो, माझ्या भावाला तसा. वाचलंय ज्युलिया वेलन या व्यावसायिक निवेदिकेने. आत्याचा युक्तिवाद असा, की जी लेखिका स्वतःच्या आठवणीला पदोपदी प्रश्न विचारते, तिचं पुस्तक एका तिऱ्हाईत, स्वच्छ आवाजात ऐकणंच बरं. लेखिका स्वतः वाचू लागली असती तर ऐकणारा तिच्या बाजूने आधीच झुकला असता.

हा विचार भाच्याला पटला नाही. आणि मग एव्हरेस्ट आलं.

१९९६च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखेच्या वादळात एव्हरेस्टवर आठ जणांचा बळी गेला. ‘आउटसाइड’ मासिकाने पाठवलेला पत्रकार जॉन क्राकॉअर त्या वेळी रॉब हॉलच्या तुकडीत होता. शिखर गाठून तो जिवंत परतला, हॉल परतला नाही. वर्षभरात ‘इनटू थिन एअर’ प्रसिद्ध झालं. या पुस्तकाची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. एक संक्षिप्त, खुद्द क्राकॉअरच्या आवाजातलं. दुसरं संपूर्ण, फिलिप फ्रँकलिन या वाचकाचं. कॅसेटच्या जमान्यात हे नेहमीचं होतं. एका कॅसेटमध्ये दीडेक तास मावायचा, चार-सहा कॅसेटच्या वर खोकं गेलं की किंमत गिऱ्हाइकाला परवडेना, म्हणून दुकानात जायची ती काटछाट केलेली आवृत्ती, आणि नाव खपावं म्हणून लेखकाचा किंवा नटाचा आवाज. फाइलच्या जमान्यात लांबीचा प्रश्न मिटला, पण जुनी निवड तशीच समोर राहिली: साक्षीदाराचा आवाज हवा की पूर्ण साक्ष?

“साक्षीदाराचा,” भाचा ठामपणे म्हणाला. “तो तिथे होता. तो काही नट नाही, कोरडं वाचतो. पण ज्या माणसाने आपले सोबती वर राहिलेले पाहिले, तो ‘मी’ म्हणतो तेव्हा त्या ‘मी’चं वजन दुसऱ्याला येणारच नाही.”

“त्याच माणसाने अँडी हॅरिसबद्दल काय लिहिलं होतं ते आठवतंय?”

भाच्याला आठवत होतं. परत आल्यावर क्राकॉअरने मासिकात लिहिलं, की वादळाच्या संध्याकाळी साउथ कोल या खिंडीतल्या तंबूंपासून थोड्याच अंतरावर त्याला हॉलचा तरुण गाइड हॅरिस भेटला, दोघं बोलले, आणि नंतर हॅरिस वाट चुकून कड्यावरून गेला असावा. पुढे चौकशी करता करता कळलं, की तो माणूस हॅरिस नव्हताच. तो दुसऱ्याच तुकडीतला गिर्यारोहक होता. हॅरिस त्या वेळी खूप वर होता, बहुधा हॉलच्या मदतीला जाण्याच्या प्रयत्नात. तोवर चुकीची हकिगत हॅरिसच्या घरच्यांपर्यंत पोचली होती. क्राकॉअरने ही चूक पुस्तकात लपवलेली नाही. इतक्या उंचीवर प्राणवायू कमी पडला की मेंदू समोरचा चेहरासुद्धा धड ओळखत नाही, हे तो स्वतःचंच उदाहरण देऊन सांगतो.

“ज्याने स्वतःच सांगितलंय की मी पाहिलं ते खरं नव्हतं,” आत्या म्हणाली, “त्याच्या आवाजाने मी का भारावून जाऊ? मला सगळा मजकूर हवा. तारखा, वेळा, कोण कुठे होतं, सगळं. कात्री लावलेल्या टेपमध्ये यातलं काय गेलं हे ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नाही. गाळलेल्या पानाचा आवाज येत नसतो, लेका.”

इथे पारडं आत्याचं जड आहे. खऱ्या साहसाच्या पुस्तकात साक्षीदाराचा गळा दाटून आला की ऐकणारा उलटतपासणी विसरतो, आणि एव्हरेस्टच्या त्या रात्रीबद्दल तर उलटतपासणीची गरज होतीच. अनातोली बुक्रेएव्ह या गाइडच्या वागण्यावरून क्राकॉअरने केलेली टीका बुक्रेएव्हला मान्य नव्हती, आणि त्याने आपली बाजू मांडणारं ‘द क्लाइंब’ हे पुस्तक सहलेखकासोबत काढलं. दोन्ही पुस्तकं दोन परक्या आवाजांत लागोपाठ ऐकली, तर वाद कशाचा होता ते कळण्याची शक्यता जास्त. भाच्याने एवढीच तडजोड केली, की संपूर्ण आवृत्ती आत्याला पुढच्या आठवड्यात घरी लावून देईन. गाडीत नको, घाटात आठ माणसं मरताना ऐकत ड्रायव्हिंग होत नाही.

परतीच्या प्रवासाला मग डेव्हिड ग्रॅनचं ‘द वेजर’ ठरलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी १७४१मध्ये फुटलेलं ब्रिटिश जहाज, त्यातून वाचून ब्राझीलला लागलेली तीस माणसं, आणि काही महिन्यांनी चिलीच्या किनाऱ्याला लागलेली आणखी तीन. या तिघांनी आधीच्या तिसांवर बंडाचा आरोप केला. सगळे एकमेकांविरुद्ध सांगणारे, आणि सगळे मेलेले. वाचलंय डिऑन ग्रॅहम या अमेरिकन निवेदकाने. ग्रॅन स्वतः फक्त आपल्या टिपणापुरता येतो. आत्याला ही वाटणी पसंत पडली: ज्याने ज्याची जबाबदारी घेतली त्याने तेवढंच बोलावं.

ॲपवर पुस्तक घ्यायचं या महिन्याचं क्रेडिट संपलेलं होतं. भाच्याने गावच्या लायब्ररीच्या कार्डावर ‘लिबी’ ॲप उघडलं. ‘जेम्स’ लगेच मिळाली, ‘वेजर’ला रांग.

“फाइलला कसली रांग? फाइल काय झिजते?”

“लायब्ररी जितके परवाने विकत घेते तितक्याच लोकांना एका वेळी मिळते. आपल्या पुढे नऊ जण आहेत.”

आत्याने चष्मा लावून स्क्रीन जवळ घेतला. त्याच लायब्ररीच्या शेल्फवर ‘वेजर’ची छापील प्रत शिल्लक असल्याचं खाली दिसत होतं, मोठ्या टायपातली. “ही आज आणून दे,” ती म्हणाली. “यात नकाशा असेल. जाताना तुझा जेम्स ऐकू, येताना मी तुला हे वाचून दाखवते. माझा आवाज टायरच्या घरघरीत ऐकू येतो. साठ पोरांच्या वर्गात तयार झालाय तो.”